हँडब्रेक सोडला का?

१८ ऑगस्ट

ही वही केबिन चारमध्ये सापडली तेव्हा जून होता. कोणीतरी पाहुण्याने गादीखाली विसरलेली, अगदी कोरी. त्याच दिवशी ठरवलं की रोज लिहायचं. मग उद्यापासून, मग रविवारपासून, मग केस धुतल्यावर. आता ऑगस्ट कलला तरी वहीत कॉफीच्या कपाची दोन वर्तुळं सोडली तर काही नाही. आज लिहितेय तेही केबिन सातवाले लोक अजून झोपलेत आणि मला त्यांच्या चादरी काढता येत नाहीत म्हणून.

तर, मी टिंड्रा. लांडस्क्रूनाची, म्हणजे देशाच्या पार खालच्या, दक्षिणेच्या टोकाची. हॉटेलचं शिक्षण दोन वर्षं घेतलं, तिसऱ्या वर्षी सफरचंदं तोडायला गेले ती परत गेलेच नाही. मग डोंगरावर स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या पाळण्यांवर काम, मग बोटीवर भांडी, मग एक अख्खा हिवाळा कोणाच्या तरी सोफ्यावर. आता इथे वर उत्तरेला, सॉर्सेलेत, नदीकाठच्या कॅम्पिंगवर. केबिनी झाडायच्या, संडास घासायचे, त्याबदल्यात पगार आणि राहायला केबिन नऊ. केबिन नऊमध्ये उंदीर आहे. पण तिथे इंटरनेट झकास चालतं, म्हणून मी उंदराला माफ केलंय. काल त्याने माझा मोजा नेला. एकच. दुसरा न्यायला येईल म्हणून मी रात्री वाट बघत होते.

काय सांगत होते? हां, इंटरनेट. ते सातपूल या ऑनलाइन खेळासाठी. पाच विरुद्ध पाच, मध्ये एक पूल, जी टोळी पूल धरून ठेवेल ती जिंकली. प्रत्येकाला दोन हत्यारं घेता येतात आणि कुठली दोन घेतली यावरून काम ठरतं. ढाल-तलवार घेतली की सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा. धनुष्य-खंजीर घेतला की लांबून मारायचं आणि कोणी अंगावर आलं की सटकायचं. काठी-कांडी घेतली की मागे राहून जखमींना बरं करायचं. ते माझं काम. मी वैदू.

आमच्या टोळीत हाम्पुस म्होरक्या, गोथेनबर्गचा, बोलायला लागला की थांबत नाही. एल्विन आणि मोआ हे भाऊबहीण, खेळतानाही भांडतात. आणि रीपा. रीपा हे इथल्या एका रानकोंबडीचं नाव, खरं नाव काय ते कोणालाच माहीत नाही. ढाल त्याच्याकडे असते. तो बोलत नाही. एकदा विचारलं कुठे राहतोस, तर लिहिलं, "वर." गोथेनबर्गवाल्यांना काय, अर्धा देश वरचाच.

या चौघांपैकी एकालाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण पत्ते इतके बदलले, मैत्रिणी इतक्या मागे राहिल्या, टोळी तेवढी दोन वर्षं तीच आहे. डिसेंबरात यॉनशॉपिंग शहरात अंतिम सामने आहेत, खऱ्या मंचावर, खऱ्या लोकांसमोर. तिथे पोचलो तर हाम्पुस मोठं घर भाड्याने घेणार, टोळीचं घर. "मागची खोली तुझी, टिंड्रा," असं तो म्हणालाय. खिडकीतून ट्राम दिसते म्हणे. मला आजवर कोणी मागची काय, पुढची काय, कुठलीच खोली "तुझी" म्हणून दिलेली नाही.

केबिन सातवाले उठले.

२२ ऑगस्ट

आज एका जर्मन माणसाची कॅराव्हॅन चिखलात रुतली. मायलीस साखळी घेऊन आली. मायलीस म्हणजे मालकीण, साठीच्या पुढची, पण ट्रॅक्टरवर बसली की विशीतली. आकडा अडकवला, ट्रॅक्टर रेटला, साखळी ताठ झाली, कॅराव्हॅन जागची हलेना. मायलीस शांतपणे उतरली, त्याच्या खिडकीशी गेली आणि विचारलं, "हँडब्रेक सोडला का?"

तो लालबुंद. सोडला नव्हता.

"मी इकडून ओढतेय आणि हा तिकडून धरून बसलाय," मायलीस मला म्हणाली. "पुढच्या वेळी आधी विचारायचं."

मी चादरी हातात घेऊन तशीच उभी. कारण सातपूलमध्येही साखळी आहे. टोकाला आकडा असलेली, शत्रूला खेचून आणायला. आपल्या माणसावरही टाकता येते, पण त्याने बटण दाबून होकार दिला तरच तो ओढला जातो, नाहीतर ती नुसती खणकन खाली पडते. म्हणून कोणी टाकतच नाही. आता वैदूची गोष्ट अशी की काठी आपटली की जमिनीवर औषधाचं वर्तुळ उमटतं, आणि ते हलत नाही. जखमी माणसाला पुलावरून मागे चालत यावं लागतं. निम्मे वाटेतच मरतात.

मी कांडी टाकून साखळी घेतली तर? काठी आणि साखळी? जखमीला पटकन वर्तुळात ओढायचं, बरा झाला की सोडायचं!

चादरी चिखलात पडल्या. मायलीस ओरडली.

२५ ऑगस्ट

टोळीला सांगितलं.

"वैदूच्या हातात साखळी?" हाम्पुस म्हणाला. "अगं, तू औषध देणार का गुरं बांधणार?"

"मला ओढायचं नाही हं," एल्विन. "मी नाजूक आहे."

"नाजूक नाहीस, आळशी आहेस," मोआ.

मी म्हटलं, "रीपा, तुझ्यावर टाकून बघू? तयार?"

तेव्हा हेडफोनमध्ये एक आवाज आला. स्स्युप्! सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसा.

"कोणाची ट्यूब पंक्चर आहे?" मी विचारलं. सगळे हसले. साखळी टाकली तर रीपा तयारच होता, सुळ्ळकन वर्तुळात. पुन्हा टाकली, पुन्हा आला. मग आम्ही जेवायचं विसरलो.

गंमत अशी की ढाल मागे ओढली की पुलाच्या तोंडाला भगदाड पडतं. तेवढ्या वेळात ते बुजवायला कोणीतरी हवं. हाम्पुसची दुधारी तलवार मोठी जड, उचलेपर्यंत शत्रू सगळे आत. त्याला म्हटलं भाला घे. तो रुसला. मोआने आगीची कांडी सोडून बर्फाची घेतली, म्हणजे शत्रूचे पाय तेवढा वेळ गोठतात. एल्विनने खंजीर सोडून बुजगावणं घेतलं, शत्रू ते मारत बसतात. आम्ही चौघांनी आपल्या आवडीचं एकेक हत्यार सोडलं तेव्हा कुठे टोळीची घडी बसली. आता मी "हँडब्रेक!" ओरडले की सगळ्यांना कळतं कोणी काय करायचं.

शेवटी हाम्पुसही खूश. "तुझ्या डोक्यासाठी मी माझी दुधारी सोडली, लक्षात ठेव," म्हणाला. आणि तो पंक्चरचा आवाज त्याला सहन होईना. मी "तयार?" विचारलं की लगेच स्स्युप्. त्याने सगळ्यांना सांगितलं की आवाज गाळायची चाळणी लावा, म्हणजे श्वास, कुत्री, पंखे काही ऐकू येणार नाही. लावली. आता कशी छान शांतता आहे.

३० ऑगस्ट

मायलीसला दमा आहे असं मी अख्खा उन्हाळा समजत होते!

झालं काय, सकाळी विचारलं, "मायलीस, केबिन दोनचे गेले का?" तिने एकदम आत श्वास ओढला, ओठांचा चंबू करून, गरम कॉफीने जीभ पोळल्यासारखा. मी धावत पाणी आणलं. तिने ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे कशाला?"

"तुला धाप लागलीय."

"अगं पोरी, तो 'हो' होता."

"कसला हो?"

"हो म्हणजे हो. गेले केबिन दोनचे." आणि तिने पुन्हा करून दाखवलं. इकडे वर सगळे असंच हो म्हणतात म्हणे. "उगाच तोंड कशाला उघडायचं? थंडी आत जाते. तुम्ही खालचे लोक तोंडात लापशी धरून तासभर बोलता आणि तरी हो की नाही ते कळत नाही."

दुपारी दुकानात गेले तर खरंच. गल्ल्यावरची बाई, पेट्रोल भरणारा, पोस्टवाला, सगळे स्स्युप् स्स्युप्. तीन महिने मला वाटत होतं या गावात सगळ्यांना काहीतरी झालंय.

मग इथल्या पद्धतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे बुडवून खाताना मायलीसने विचारलं, हिवाळ्यात राहतेस का? बर्फावरच्या गाड्यांचे पाहुणे येतात, काम असतं, केबिन नऊला हीटर लावून देते. मी म्हटलं, बघते. तिने उंदराबद्दल काही म्हटलं नाही.

७ सप्टेंबर

सोमवारपासून एल्कची, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांची शिकार सुरू झाली आणि गाव ओस. शाळेत मुलं नाहीत, गॅरेजला कुलूप. मायलीससुद्धा नारिंगी टोपी घालून रानात, वर्षभराचं मांस आणायला. कॅम्पिंगवर मी आणि उंदीर.

रीपाही आठवडाभर गायब, न सांगता. हाम्पुस भडकला, "सरावाच्या ऐन वेळी?" आज परत आला आणि फक्त एवढंच लिहिलं, "फ्रीजर भरला." आता हे काय असतं? कॉम्प्युटरचं काहीतरी असेल. मोआ म्हणाली त्याला नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगा.

१२ सप्टेंबर

हाम्पुसने आज मला एकटीला बोलावून घेतलं. म्हणाला, तुझं ते रान, वारा सुटला की इंटरनेट जाणार, ऐन सामन्यात गेलं तर? म्हणून एक राखीव वैदू तयार ठेवू. त्याचा मित्र नोएल, त्याच्याच इमारतीत राहतो. "तू शिकव त्याला. तुझ्यासारखं कोणाला जमणारे का, पण निदान कामापुरतं."

मला बरं वाटलं. कोणी म्हणालं का आजवर, टिंड्रा, तू शिकव? शाळेत तर मला खिडकीपाशी बसवायचे, म्हणजे निदान बाहेर बघत गप्प राहीन.

नोएल हुशार आहे. सारखं विचारतो. कुठे उभं राहायचं, साखळी खांद्यावर टाकायची की पायावर, वर्तुळ आधी की आकडा आधी. मी सगळं सांगितलं. रीपा मार खाताना डावीकडे झुकतो, तो झुकला की टाकायची, तेही सांगितलं. हाम्पुस ऐकत बसला होता, मध्येच म्हणाला, "हे परत एकदा सांग, हळू." किती आस्था त्याला.

मायलीसला हिवाळ्याचं नाही म्हणून सांगितलं. डिसेंबरनंतर मी गोथेनबर्गला असेन. ती म्हणाली, "खोली बघितलीस का?" म्हटलं, ट्राम दिसते. ती म्हणाली, "ट्राम नाही विचारली, खोली विचारली."

१९ सप्टेंबर

जिंकलो! जिंकलो जिंकलो जिंकलो. यॉनशॉपिंगला जाणार!

शेवटच्या डावात पुलावर रीपा जवळजवळ मेलाच होता. मी "हँडब्रेक!" ओरडले, साखळी फेकली, तो आला, हाम्पुसचा भाला भगदाडात, मोआचा बर्फ, आणि रीपा बरा होऊन परत तोंडावर. समोरच्यांना कळलंच नाही की मेलेला माणूस परत कसा उभा. एल्विन रडला. मोआ म्हणाली नाही रडला, पण मी ऐकलं.

रीपाने लिहिलं, "छान धरलंस, टिंड्रा." दोन वर्षांतलं त्याचं सर्वात लांब वाक्य.

हाम्पुस फार बोलला नाही. महिनाअखेर पाच नावं द्यायची आहेत म्हणाला, ते मी बघतो.

मी बाहेर जाऊन नदीवर ओरडले. पलीकडून कुत्रा ओरडला.

२७ सप्टेंबर

मला लिहायचं नाहीये. लिहिते.

संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. नोएलही होता. हाम्पुसने सुरुवात केली.

"टिंड्रा, हे व्यक्तिगत घेऊ नकोस."

म्हणजे व्यक्तिगतच.

"नावं दिली आज. वैदूच्या जागी नोएल आहे. तो इथे माझ्या शेजारी आहे, रोज सराव करता येतो. तू आज तिथे, उद्या कुठे, कोणाला माहीत. मंचावर उभं राहायचं तर माणूस भरवशाचा लागतो."

"साखळी माझी आहे," मी म्हटलं.

"साखळी खेळातली आहे. तुझी कशी?"

"मी शिकवली त्याला!"

"हो ना, आणि छान शिकवलीस. म्हणून तर."

नोएल म्हणाला, "थँक्स हं." खरंच म्हणाला. मनापासून म्हणाला, ते जास्त वाईट.

मी विचारलं, घराचं काय? मागच्या खोलीचं? हाम्पुस म्हणाला, "अगं ते तर टोळीचं घर ना." आणि मग म्हणाला की हा टोळीचा निर्णय आहे, त्याचा एकट्याचा नाही.

"असं? मग सगळ्यांच्या तोंडून ऐकते," मी म्हटलं. "मी टोळीत राहावं असं कोणाला वाटतं? एक शब्द बोला. एकच."

कोणी बोललं नाही.

मोआचा श्वासही नाही. एल्विन नाही. मी थांबले. उंदीर भिंतीत कुरतडत होता तेवढंच ऐकू येत होतं. मी परत विचारलं, नाव घेऊन. "रीपा? तुला वाटतं का मी राहावं?"

काही नाही. चाळणीतून येते तशी स्वच्छ शांतता.

मी सगळं बंद केलं. एकेकाला काढून टाकलं, खेळातून, फोनमधून, कोणाचा संदेश येणार नाही असं करून टाकलं. मग हेडफोन काढून गादीवर फेकला. तो उसळून खाली पडला आणि त्याचा कान तुटला. तोही.

२८ सप्टेंबर

संडास घासले. सगळे. जे स्वच्छ होते तेही.

हाम्पुसचं काय, तो तसाच. आता आठवतं तर सगळं समोरच होतं, "परत सांग, हळू." मी खुळी, आस्था म्हणाले. पण रीपा? दोन वर्षं त्या माणसाला मी जिवंत ठेवलंय. त्याचा डावीकडचा कल मला माझ्या आईच्या चालीसारखा ओळखता येतो. माझी साखळी त्याने एकदाही खाली पडू दिली नाही, शत्रूने खेळात त्याला आंधळं केलं तेव्हाही नाही, हरत होतो तेव्हाही नाही. आणि एक "हो" म्हणवत नाही! नाव घेऊन विचारलं तरी नाही!

हाम्पुसने पाठीत खंजीर मारला. रीपाने ढाल बाजूला केली. दुसरं जास्त लागतं.

२ ऑक्टोबर

मायलीसने हिवाळ्याचं काम तिच्या पुतण्याला दिलंय. मीच नाही म्हटलं होतं, तिचा काय दोष. कॅम्पिंग बारा तारखेला बंद होतं. त्यानंतर कुठे, माहीत नाही. बसचा मार्ग बघितला. खालच्या दिशेला बस जाते एवढं नक्की.

संध्याकाळी तिने कॉफी केली, चीज बुडवलं, आणि विचारलं तोंड का पाडलंस. सांगितलं सगळं. तिला सातपूल कळत नाही, पण साखळी लगेच कळली.

"आणि तू विचारलंस तेव्हा सगळे गप्प?"

"सगळे."

"तो ढालवालाही?"

"तो तर आधीपासूनच मुका. लोक असे कसे असतात गं?"

मायलीसने चीजचा आणखी एक तुकडा कॉफीत टाकला. "गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात, पोरी," एवढंच म्हणाली आणि रेडिओ लावला. हवामान. ते दोन प्रकार कुठले हे विचारायचं राहूनच गेलं, कारण रेडिओवर सांगितलं की बर्फ येतोय आणि मला आठवलं की माझ्याकडे बूट नाहीत. म्हणजे आहेत, पण कापडी.

५ ऑक्टोबर

उंदराने मोजा परत आणून टाकला. खोटं नाही, दाराशीच होता. एवढी माणुसकी.

८ ऑक्टोबर

मोआचा फोन. साधा फोन, नंबर बंद करायला विसरले होते.

"टिंड्रा, ठेवू नकोस, ऐक. आम्ही हरतोय."

"छान."

"सराव सामने, सगळे. साखळी चालतच नाही. नोएल फेकतो, रीपा जागचा हलत नाही. साखळी खाली पडते आणि रीपा पुलावर मरतो. प्रत्येक वेळी."

मी म्हटलं नोएल कोन चुकवत असणार. खांद्यावर नाही, कमरेखाली टाकायची, मी सांगितलं होतं त्याला.

"कोन बरोबर आहे. रीपा बटणच दाबत नाही."

"मग त्याचं बटण बिघडलं असेल. कॉम्प्युटर जुनाट आहे ना त्याचा, फ्रीजर का काय भरतो."

मोआने ते तिथेच सोडलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले नाही. एल्विनला जायचंच आहे मंचावर, त्याचं सगळं त्यात... मला तोंडच उघडवेना. माफ कर." तिच्या गप्प बसण्यामागचं कारण मला निदान कळलं.

तासाभराने अनोळखी नंबरवरून हाम्पुस. थेट शिव्यांपासून सुरुवात.

"तू फितवलंस त्याला!"

"कोणाला?"

"रीपाला! आज सकाळी टोळी सोडून गेला. ढालच नाही आता माझ्याकडे. नावं देऊन झालीत, ढालीशिवाय मंचावर काय नाचू? काय सांगितलंस तू त्याला?"

"मी त्याच्याशी बोललेही नाही. तो कोणाशी बोलतो का?"

"मग जाताना असं का लिहिलं?"

"काय लिहिलं?"

"'मी तेव्हाच हो म्हटलं होतं.' बस, एवढंच. कसलं हो? कधी? कोणाला म्हणाला हो?"

मला काय माहीत. मी फोन ठेवला. पण विचार करतेय. नोएलच्या नावाला हो म्हणाला असेल आणि आता मन बदललं असेल. म्हणजे माझ्यामागे आधीच सगळं ठरलं होतं, मला सोडून सगळ्यांना विचारलं होतं. त्याला विचारलं आणि तो हो म्हणाला. दोन वर्षांत एकदाच तोंड उघडलं आणि ते यासाठी!

ढालीला लाज वाटली म्हणून निघून गेली असेल. जाऊ दे.

१२ ऑक्टोबर

बर्फ पडलाय, नदीचे काठ पांढरे. बॅग भरून झाली. तसंही तिच्यात काय असतं, चार कपडे, तुटक्या कानाचा हेडफोन. वही नेऊ की केबिन चारच्या गादीखाली परत ठेवू ते ठरत नाहीये. कापडी बुटात प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्यात. बस दुपारी आहे, मायलीस थांब्यापर्यंत सोडते म्हणाली. कुठलं तिकीट काढू विचारलं तर म्हणाली, जिथे ओळखीचं कोणी असेल तिथलं. मी हसले.

लांडस्क्रूनाला जाता येईल. आई सोफा देईल. सोफ्यावर झोपून मी

मायलीस दार वाजवतेय. थांब.

ती येऊन गेली. लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

ती दारात उभी, खांद्यावर बर्फ, आणि म्हणाली, "पोरी, तुला कोणीतरी न्यायला आलंय."

"बस इतक्यात?"

"बस नाही. ट्रक. समोर फाळ लावलेला, बर्फ लोटायचा. शेजारच्या स्टोरुमानची गुनवोर आहे, माझ्याच वयाची. शिकारीला आमच्याबरोबर असते. अख्ख्या जिल्ह्याचे रस्ते ती मोकळे करते, पुढे ती आणि मागे सगळ्या गाड्या. म्हणते केबिन नऊ कुठली, जिथे उंदीर आहे ती."

मी म्हटलं, मी कुठल्या गुनवोरला ओळखत नाही. या कॅम्पिंगचं आणि उंदराचं मी बाहेर फक्त टोळीला सांगितलं होतं.

"तेच मला वाटलं," मायलीस म्हणाली. "म्हणून मी तिला सरळच विचारलं. म्हटलं, तू या पोरीचा तो ढालवाला आहेस का?"

"ढालवाला? ती?" मी म्हटलं. "मग काय म्हणाली?"

मायलीसने ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला.

स्स्युप्.

तोच आवाज. माझ्या हेडफोनमधला, "तयार?" विचारलं की येणारा, मी ज्याला पंक्चर म्हणाले तो. म्हणजे त्या दिवशी मी नाव घेऊन विचारलं तेव्हा तिने हो म्हटलं होतं, आणि आमच्या चाळणीने ते

मायलीस बाहेरून हाक मारतेय, चल लवकर, तिने इंजिन बंद केलेलं नाही.